त्या मंगळवारी माझ्या अंगात आलं नाही

माझ्या आईच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. ती तिनं हौसेनं घातली नव्हती. तिची सासू वारली, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराधी बायांचा मेळा बसला, संबळ वाजलं, आईच्या अंगात वारं आलं आणि माळ तिच्या गळ्यात पडली. आमच्या घराची रीतच तशी. माळ घातलेली बाई गेली की माळ देव्हाऱ्यात ठेवायची, एखादा मंगळवार धरून मेळा बसवायचा, आणि घरातल्या ज्या लेकीसुनेच्या अंगात येईल तिनं ती मरेपर्यंत वागवायची. मंगळवारी आणि शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायचा, उन्हातान्हात अनवाणी फिरायचं. नको म्हणायची सोय नाही, कारण निवडणारी कोण, तर तुळजापूरची आई. माझ्या आईला ती माळ हवी होती का नको होती, हे तिला कुणी विचारलं नाही. असं विचारायचं असतं हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, सडकेपासून आत. मला दिलं होतं परंड्याच्या बाजूला, सोनारीजवळ. बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यांनी मला एस.टी.नं माहेरी आणून सोडलं. घरात खाणारं एक तोंड कमी करायचं होतं. ‘पाऊस झाला की नेतो’ म्हणाले, बिनदुधाचा चहा पिऊन गेले. पाऊस झाला, रानं हिरवी झाली, कुणी आलं नाही. पुढं कळलं की नवऱ्यानं दुसरी केली. सुटले एकदाची, असं मी सगळ्यांपुढं म्हणाले आणि गोठ्यात जाऊन रडले. म्हशीला त्याचं काय, ती रवंथ करत बसली होती.

दुष्काळात मी आणि वैनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. वैनी माझ्याच वयाची, पण दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. मी तोंडाची फटकळ. मुकादमाशी माझं भांडण, पाणी वाटणाऱ्या बाईशी माझं भांडण, घरी आले की भावाशी भांडण. वैनी ‘व्हय’ म्हणायची, नाही तर पदर पुढं ओढून घ्यायची. भाऊ बस म्हणाला की बसली, ऊठ म्हणाला की उठली. मला तिचा राग यायचा. ‘अगं, तुला तोंड दिलंय का न्हाय देवानं?’ असं मी तिला म्हणायची. ती हसायची आणि हातोडा उचलायची. पण उन्हानं माझ्या हाताला फोड आले की माझ्या ढिगातले मोठे धोंडे गुपचूप आपल्याकडं ओढून घेणारी तीच होती.

त्या वर्षीसुद्धा आई जोगव्याला जायची. कुणाच्या घरात पीठ नव्हतं. कामावर सरकारी सुकडी मिळायची, ते गोडसर पीठ लोक चिमूटभर परडीत घालायचे. आई ते आम्हाला वाटायची आणि स्वतः पाणी पिऊन पडायची. दुष्काळानं ती आतून पोखरली असणार. पाऊसपाणी सुरळीत झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती गेली.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत सासरचा निरोप आला. आता त्यांना तोंड मोजायचं नव्हतं, हात पाहिजे होते. दुसरीला लेकरू झालं होतं, विहिरीला पाणी लागलं होतं, साखर कारखान्यानं ऊस नोंदवून घेतला होता आणि रानात राबायला माणूस नव्हतं. ‘झालं गेलं विसरा, सून आमची हाय, लावून द्या.’ भाऊ माणूस वाईट नव्हता, पण लोकांना भ्यायचा. पारावर कुणी सहज म्हणालं, ‘बहीण किती दिस ठेवणार?’ की त्याला घास गोड लागत नसे. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, ‘सासरी जाणंच बरं. तू इथं ऱ्हाऊन करणार तरी काय?’

काय करणार, ते माझ्या मनात पक्कं होतं. गावात दुधाची सोसायटी नुकतीच निघाली होती. शाळेच्या मागं पत्र्याची खोली. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, काचेची डिग्री बुडवून त्यात पाणी आहे का ते बघायचं, कॅन भरून ठेवायचे, मग सडकेवरून गाडी येऊन घेऊन जायची. सेक्रेटरी बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, शांत, चष्मेवाला. मी आमच्या म्हशीचं दूध घेऊन जायची तेव्हा तो बघायचा, की बाई सातवी शिकलेली आहे आणि पाणी घातलेल्या दुधावरून कुणाशीही भांडू शकते. एक दिवस म्हणाला, ‘ताई, मला जोडीला माणूस पाहिजे. तुमी येता का? संचालकांना मी सांगतो.’ त्या दिवशी मी घरापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी मला ‘येता का’ असं विचारलं होतं.

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बाईमाणसानं तिथं बसायचं? आन् त्याच्या हाताखाली?’ ‘त्याच्या’ म्हणजे काय, ते त्यानं तोंडानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सोसायटीत सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये पडायचं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

तेवढ्यात आराधी बायांतली म्होरकी म्हातारी घरी आली. भावाला म्हणाली, ‘लेक माघारी आलीय ती उगं न्हाय. माळंला बाई पायजे म्हणून तुळजापूरच्या आईनंच आणलीय.’ झालं. गावाला सगळा उलगडा झाला. माळ घातलेली लेक देवीची. तिला आमच्याकडं नांदायला धाडत नाहीत, सासरचेही हक्क सांगत नाहीत, आणि ती माहेरी का राहते असं कुणी विचारत नाही. भावाच्या तोंडावरसुद्धा मला जरा तरतरी दिसली. त्याला मला घालवायचंच होतं असं नव्हतं, त्याला फक्त लोकांना सांगायला कारण पाहिजे होतं.

मी जाऊन सेक्रेटरीला सांगितलं. तो क्वचित चिडायचा, पण त्या दिवशी चिडला. ‘ताई, देव-बिव काय न्हाय. माणसानं आपल्या बुद्धीनं ठरवायचं. आमी समदे देव सोडले, काय वाईट झालं आमचं?’ मला त्याचाही राग आला. म्हटलं, ‘तुमी सोडले तवा समद्या वस्तीनं मिळून सोडले. घरटी माणूस संगं व्हतं. मी येकटीनं सोडायचे, आन् मग कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं?’ त्यानं कॅनचं झाकण पुसून ठेवलं. मग म्हणाला, ‘ते खरं हाय. माझ्या बापाला येकट्याला न्हाय जमलं असतं.’ त्यानं उगीच धीर दिला नाही, म्हणून ते बोलणं अजून माझ्या लक्षात आहे.

शेवटी मी ठरवलं, माळ घ्यायची. मी ठरवलं असं म्हणायला बरं वाटतं. पण दोन खुंट्या दाखवून, यातल्या कोणत्या खुंटीला बांधू असं गाईला विचारलं, तर गाईनं ठरवलं ते काय? तरी त्यातल्या त्यात इकडची दोरी लांब होती. माळ घातली तर गाव राहणार होतं, म्हैस राहणार होती, सकाळी सोसायटीच्या दारापर्यंत जाणं राहणार होतं. अंगात येणं मी लहानपणापासून बघत आले होते. केस सोडायचे, घुमायचं, हुंकार द्यायचा. आलं नाही तर आणू, असं मी मनाशी म्हणाले.

मंगळवारी दुपार कलल्यावर मेळा बसला. अंगण सारवलं होतं, माळ परडीत हळदीकुंकू लावून ठेवली होती. सासरकडून नवऱ्याचा चुलता आला होता. तो मला न्यायलाच आला होता, पण देवीचं काम आहे म्हणून खाटेवर बसून राहिला. मला न्हाऊ घालून पुढं बसवलं. शेजारी वैनी, तिच्या मांडीवर तिचं धाकटं पोरगं. संबळ सुरू झालं, झांजा वाजल्या, बायांनी तुळजापूरच्या आईला हाका घातल्या. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं.

आणि मला काही होईना. डोळे मिटले, केस सोडले. माझ्या मेलेल्या आईचं तोंड आठवलं, परडीतली सुकडी आठवली, रडू आलं, पण वारं काही येईना. मग म्हटलं, आता आणायचं. मान हलवली. पुन्हा हलवली. आणि लाजेनं माझं सगळं अंग आखडलं. मी काही फार खरी बाई आहे अशातला भाग नाही. बाजारात मी खोटं बोललेली आहे, शपथ घालून बोललेली आहे. पण ते घुमणं मला जमेना. सगळा जन्म ज्याच्यावर टांगलेला, तेवढी घटकाभर मान हलवायची, आणि माझ्याच धडावरची मान माझं ऐकेना. संबळवाला घामाघूम झाला. म्होरकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘सोड बाई, अंग सोड.’ मी म्हटलं, ‘सोडलंय वो, येत न्हाय.’

खाटेवरून चुलता म्हणाला, ‘आईची इच्छा दिसत न्हाय. सकाळच्या येष्टीनं घिऊन जातो हिला.’ भावानं मान खाली घातली. ती होकाराचीच मान होती, मला ओळखू आली.

तेव्हा माझ्या मांडीवर काहीतरी जड आलं. बघते तर वैनीचं पोरगं. वैनीनं त्याच्या मुठीतून आपला पदर सोडवला, एकेक बोट उकलून. त्याला माझ्या मांडीवर नीट निजवलं, त्याच्या मानेखाली माझा हात सरकवला. आणि मग ती घुमायला लागली.

तसं घुमणं मी माझ्या जन्मात बघितलं नाही. अंबाडा सुटला, पदर पडला. जी बाई भावासमोर ताठ उभी राहत नव्हती ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि त्याला ‘फुडं ये रे’ म्हणाली. तो हात जोडून पुढं आला. आवाज तिचाच होता, पण तो मी कधी मोठ्यानं ऐकलाच नव्हता, म्हणून परका वाटला. ‘माळ मी हिच्या गळ्यात घालती,’ असं म्हणून तिनं आपल्याच छातीवर हात मारला. मग माझ्याकडं बोट केलं. ‘ती माजी लेक हाय. तिला धाडशील तर तुज्या घरात दिवा ऱ्हाणार न्हाय. तिला दुधाच्या घरी बसीव. तिथं तिचं अन्न हाय.’

भाऊ तिच्या पायावर पडला. खाटेवरचा चुलता उठून पायावर पडला, आणि सकाळच्या एस.टी.नं एकटाच गेला. आईला सोसायटीचं बी ठावं हाय, याचीच गावात चर्चा. काही दिवस दुधात पाणी घालायला लोक भ्याले. मी सोसायटीत दूध मोजायला बसले. ‘त्याच्या हाताखाली’ हे भावानं पुन्हा तोंडातून काढलं नाही. सेक्रेटरीनं एवढंच विचारलं, ‘देवीनं सांगितलं म्हणं?’ मी ‘व्हय’ म्हटलं. तो हसला नाही, माप माझ्या हातात दिलं.

पुढं मी सोसायटीमागच्या खोलीत राहायला गेले. माझी चूल, माझा कंदील, माझं कुलूप. सुरुवातीला मी ते कुलूप उगीच लावून उघडायची. मग सवय झाली, आणि मग एकटं वाटायला लागलं, ते काही गेलं नाही. दिवसभर माणसांची रांग, पण दूध ओतलं की माणूस आपल्या वाटेनं गेलं. लोक म्हणायचे, ‘तुमी लई धीराच्या, आपल्या मनानं जगलाव.’ मी ऐकून घ्यायची. आपल्या मनानं म्हणजे कुणाच्या, हे त्यांना कुठं ठाऊक होतं.

वैनीला तर माळेनं माणसांतून उठवून पाटावर बसवलं. भाऊ तिला ‘तुमी’ म्हणायला लागला. अदब चांगलीच, पण चुलीपाशी ती दोघं कधीमधी हसायची ते हसणं बंद झालं. सासुरवाशिणी तिच्या पाया पडायच्या आणि लांब बसून आपापसात बोलायच्या. ती पुन्हा ‘व्हय’वर आली. मंगळवारी परडी घेऊन सोसायटीच्या दारात यायची, पायाला भेगा पडलेल्या. मी तिच्या तांब्यात दूध घालायची आणि लोकांदेखत तिच्या पाया पडायची. ती माझ्या डोक्यावर हात ठेवायची. तो हात इतरांच्या डोक्यापेक्षा जरा जास्त वेळ राहायचा.

त्या दिवसाबद्दल आम्ही वर्षानुवर्षं एक अक्षर काढलं नाही. मला भीती वाटायची. खरं वारं होतं म्हणाली असती, तर मी देवीच्या हुकमानं सुटले. खोटं होतं म्हणाली असती, तर आपला जन्म गहाण टाकून तिनं मला सोडवलं. दोन्हींत माझं स्वतःचं काय, ते मला सापडत नव्हतं. आणि तिचं तरी तिचं काय होतं? देवी कुणाच्या अंगात येताना पोरगं नीट खाली ठेवेपर्यंत थांबते का, हे मी किती वेळा दूध मोजता मोजता मनात घोळवलं असेल.

ऐंशीनंतर ओळीनं कोरडी वर्षं आली. लोकांनी जनावरं बाजारात नेली, सोसायटीत दूध येईना, कॅन पालथे पडून राहिले. सेक्रेटरीला बाहेरगावी नोकरी लागली, तो बायकापोरं घेऊन गेला. त्यातच वैनीनं अंथरूण धरलं. मी दुपारची जाऊन तिच्यापाशी बसायची. एका दुपारी मला धीर झाला. ‘वैनी, त्या दिशी खरंच वारं आलं व्हतं का गं?’

ती आढ्याकडं बघत म्हणाली, ‘वन्सं, पोरगं तुमच्या मांडीवर दिलं तवर म्या व्हते. फुडं कोण व्हतं, ते मला न्हाय सांगता येत.’

‘मग दुधाच्या घराचं कोण बोललं?’

‘कोण का बोलंना. समद्यांनी ऐकलं की. तुमी येवढं वरडायचा, ऐकलं व्हतं का कुणी?’ आणि ती हसली, खडी फोडताना हसायची तशी. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘पर मला वाटलं व्हतं, येकदा बोलले की फुडं बी बोलता यील. तसं काय झालं न्हाय.’

मी तिचे पाय चेपत बसले. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं, तरी जाताना मी तिच्या पाया पडले. दिवाळीच्या आधी ती गेली. ती गेल्यावर त्या गावात माझ्याशी कधी न भांडलेलं आणि माझं सगळं ठाऊक असलेलं असं एकही माणूस उरलं नाही.

भावाचा थोरला मुलगा सोलापूरला गिरणीत लागला होता. भाऊ धाकट्याला घेऊन तिकडं राहायला निघाला. जायच्या दिवशी माझ्या खोलीवर आला, फडक्यात गुंडाळलेली माळ घेऊन. म्होरकी कधीच वारली होती, मेळ्यातल्या बाया पोटामागं पांगल्या होत्या, घरात सून नव्हती. म्हणाला, ‘आता मेळा कोण बसवणार? तुला घालायची तर घाल, न्हाय तर तुळजापूरला आईच्या पायाशी नेऊन ठेव. तुजी मर्जी.’

हे दोन शब्द ऐकायला मी सगळा जन्म टपून बसले होते. माहेरी आणून सोडलं तेव्हा, परत न्यायला आले तेव्हा, न्हाऊ घालून मेळ्यात पुढं बसवलं तेव्हा, कुणी एवढंच म्हणायला पाहिजे होतं. आणि तो म्हणाला तेव्हा गाडी गाठायच्या घाईत, पिशवी खांद्याला लावता लावता. मी त्याला सडकेपर्यंत घालवायला गेले आणि धुरळा बसेपर्यंत तिथंच उभी राहिले.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी मी न्हाले, फडक्यातून माळ काढली आणि गळ्यात घातली. अंगात काही आलं नाही. कवड्या गार लागल्या, एवढंच. मग दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसले. कुणीतरी यावं आणि म्हणावं, अगं, मेळा न बसवता, वारं न येता, तुला कुणी अधिकार दिला, काढ ती आधी. मी भांडायला तयार होते, सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी होती. ऊन उंबऱ्यावर आलं. रस्त्यानं थोडी माणसं गेली, त्यांनी माळेकडं बघितलं. एक बाई ‘बसलाव का?’ म्हणाली आणि पुढं गेली. काढ म्हणून कुणीच म्हणालं नाही.